मोरळीवरचा मोर

भाजी चिरायच्या आणि नारळ खवायच्या हत्याराला देशावर विळी म्हणतात. आमच्याकडे, रेवदंडा-चौलच्या पट्ट्यात, तिला मोरळी म्हणतात. लाकडाची फळी, तिच्यात उभं बसवलेलं वाकडं पातं आणि पात्याच्या टोकाला नारळ खवायची दातेरी खवणी. बस्स, एवढंच. या एवढ्याशा वस्तूवर माझा संसार उभा राहिला आणि एकदा जवळजवळ आडवाही झाला, म्हणून तिच्याबद्दल बोलायचा मला हक्क आहे. मोरळीत नवीन करण्यासारखं काही नाही असं सांगणारी माणसं मला आयुष्यात पुष्कळ भेटली. ती सगळी पुरुष होती.

माझं माहेर पेणचं. वडील गणपती रंगवायचे. आमच्या घरात वर्षाचे आठ महिने गणपतीच गणपती असायचे. ओटीवर, माजघरात, जिन्याच्या पायऱ्यांवरसुद्धा. त्यामुळे धंद्यातलं एक गुपित मला परकर नेसायच्या वयातच कळलं होतं. साचा वर्षानुवर्षं तोच असायचा. माती तीच, सोंड तीच, मोदक तोच. पण वडील दरवर्षी काहीतरी बदलायचे. एका वर्षी डोक्यावर मुकुटाऐवजी फेटा चढवायचे, दुसऱ्या वर्षी पितांबराचा काठ बदलायचे, कधी नुसते डोळे निराळे आखायचे, आणि लोक म्हणायचे, "वा, यंदा नवीन मूर्ती केलीत!" वडील मान डोलवायचे. मी एकदा विचारलं, "बाबा, ही लबाडी नाही का?" तर म्हणाले, "दसऱ्याला तू नवं लुगडं नेसलीस तर ती लबाडी होते का?" मला ते पटलं. आजही पटतं.

लग्न होऊन मी रेवदंड्याला आले ती लोहाराच्या घरात. सासूबाई मी येण्याआधीच गेल्या होत्या. घरात मामंजी आणि हे, असे दोघेच. बाजाराच्या टोकाला आमचं घर, पुढच्या पडवीत भट्टी. कोयते, पहारी, नांगरांचे फाळ सगळंच व्हायचं, पण नाव होतं ते मोरळ्यांचं. मामंजी तापलेलं पातं सांडशीत धरून ऐरणीवर फिरवायचे आणि हे घण मारायचे. मी भाता ओढायचे. या कामात एकट्या माणसाला काही करता येत नाही. धरणारा एक आणि मारणारा एक लागतोच, आणि दोघांचा श्वास एक असावा लागतो. बापलेक दिवसभर एकमेकांशी चार शब्द बोलायचे नाहीत, पण घण कधी चुकीच्या जागी पडला नाही.

माल खरा होता. इतका खरा, की तोच आमच्या मुळावर आला. मामंजींच्या हातची मोरळी तीन पिढ्या झिजायची नाही. आजीची सुनेला, सुनेची नातसुनेला. मामंजींना याचा केवढा अभिमान! गावात एखाद्या घरी आपल्या बापाच्या हातची मोरळी दिसली की ते जेवणाआधी तिच्याकडे बघून घ्यायचे. माझ्या मनात मात्र दुसरंच यायचं. ज्या घरात मोरळी आहे आणि ती मरणार नाही, त्या घरात दुसरी विकायची कशी?

तोवर आमचा भार मुंबईच्या एका शेटजींवर होता. ते दर वर्षी बोटी सुरू झाल्या की सुपारी घ्यायला रेवदंड्याला यायचे आणि परत जाताना आमच्या मोरळ्यांची गोणी भरून न्यायचे. ही एकोणीसशे तीसच्या आगेमागेची गोष्ट. एका वर्षी ते आले, ओटीवर बसले, चहा प्यायले, आणि मोरळ्यांना हात न लावता उठले. मामंजींनी विचारलं तर ओशाळं हसून म्हणाले, "माल तो सारू छे, बाबा. पण काय करू? दुकानात डोसा माणूस, म्हातारा, बसलाय असं दिसते." मुंबईत पत्र्याच्या हलक्या मोरळ्या निघाल्या होत्या. चकचकीत, वर रंगीत कागद चिकटवलेला. महिन्याभरात पातं लुळं पडायचं, पण दुकानात त्या नव्या नवरीसारख्या दिसायच्या. स्वदेशीचा जोर होता खरा; लोकांना माल देशी हवा होता, पण दिसायला विलायती हवा होता.

शेटजी गेले आणि त्याच महिन्यात यांच्या मामांचा निरोप आला. ते मुंबईत एका मोठ्या कारखान्यात होते. तिथं घण मारणाऱ्यांच्या जागा होत्या. महिन्याच्या महिन्याला पगार, राहायला मामांच्याच खोलीत कोपरा. पुढच्या दिवाळीनंतर भरती.   घरात तिघांनाही ठाऊक होतं, की हे गेले की भट्टी विझली. मामंजी धरतील, पण मारणार कोण? आणि माझ्याबद्दल सांगायचं तर मला यांच्याशिवाय राहायचं नव्हतं आणि रेवदंडाही सोडायचा नव्हता. मला दोन्ही हवं होतं. बायकांनी दोन्ही मागू नये म्हणतात. मी मागत होते.

एके दिवशी भाता ओढता ओढता माझ्या डोक्यात वडिलांचा फेटा आला. मी म्हटलं, "मामंजी, साचा राहू दे, मूर्ती बदलूया."

"म्हंजी काय?"

"पातं तुमचंच. फळी तीच. नुसतं रूप बदलायचं. फळीला कातून आकार द्यायचा, रंग द्यायचा, नाव द्यायचं."

मामंजींनी सांडशी खाली ठेवली. "रंगानं धार येती का?"

"नाही. पण धार दुकानात दिसत नाही, मामंजी. रंग दिसतो."

"सोन्याची सुरी झाली म्हनून कोन उरात खुपसून घेत न्हाय," ते म्हणाले आणि पुन्हा ऐरणीकडे वळले. पण ते नाही म्हणाले नव्हते. म्हण टाकून गप्प बसणं ही आमच्या मामंजींची होकार द्यायची रीत होती, हे मला दोन वर्षांत कळलं होतं.

नाव शोधायला लांब जावं लागलं नाही. मोरळी या शब्दातच मोर बसलेला! इतक्या पिढ्या माणसं तो शब्द बोलत होती आणि मोर कुणाला दिसला नव्हता. शब्द कुठून आला ते पंडितांनी बघावं, मला त्यातला मोर पुरेसा होता. मी पेणला निरोप धाडून रंगाच्या पुड्या, कुंचले आणि रोगण मागवलं. पावसाळ्यात बोटी बंद असतात, शेतीची हत्यारं करून झालेली असतात, तेव्हा भट्टीला तसा निवांतपणा असतो. यांनी फणसाच्या फळ्या कातल्या, कडा गोल केल्या, मी त्या घासून तुळतुळीत केल्या आणि प्रत्येक फळीवर मोर काढला. साधासुधा नाही. सरस्वतीच्या मागे वडील काढायचे तसा, पिसारा पसरलेला, गळ्याला मोरपंखी निळा, पिसांच्या डोळ्यांत सोनेरी ठिपका. फळी वाळली की वरून रोगणाचे हात. पडवीत ओळीनं मोरळ्या मांडल्या की उजेड पडल्यासारखं वाटायचं. शेजारपाजारच्या बायका दारात उभ्या राहून बघायच्या. कुणी आत येऊन हात लावला नाही, कारण विकायचा माल आपण वापरायचा नाही आणि दुसऱ्यानं शिवायचा नाही, हा आमच्या पडवीचा कायदा होता. मीसुद्धा त्यातल्या एकाही मोरळीवर बसून साधा कांदा चिरला नाही. घरची जुनी होतीच की.

बोटी सुरू झाल्या. शेटजी सुपारीला आले आणि चहासाठी म्हणून ओटीवर टेकले. मी आतून एक मोरळी आणून त्यांच्यापुढे ठेवली. हातात दिली नाही. धारेची वस्तू हातात दिली की भांडण होतं. ते बघतच राहिले. चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. "अरे बेन, आ तो बहु सारू! ही तर मी दुकानात पुढेच ठेवणार. मोर छाप!" आणि होत्या नव्हत्या तेवढ्या सगळ्या मोरळ्या त्यांनी सुपारीच्या गोण्यांबरोबर बोटीवर चढवल्या.  शेटजींची पाठ वळल्यावर मामंजी मला म्हणाले, "पेनची हायस खरी." त्यांच्या तोंडून एवढं म्हणजे शालजोडीचा मान. यांनी तर मामांना निरोपही तयार ठेवला, की जागा दुसऱ्या कुणाला द्या. मी म्हटलं, घाई कशाला, दिवाळी होऊ दे. इतकं शहाणपण माझ्यात होतं, पण ते चुकून आलेलं होतं.

दिवाळीच्या तोंडावर बोटीतून शेटजींचा मेहता, त्यांचे हिशेब लिहिणारा, उतरला, आणि त्याच्यामागून हमालाच्या डोक्यावर आमच्याच गोण्या. सगळ्या नाही, पण बहुतेक.

मेहता भला माणूस होता. ओटीवर बसून त्यानं घाम पुसला आणि काय झालं ते सांगितलं. पहिल्या आठवड्यात मोरळ्या पटापट गेल्या. बायका दुकानात येत, "किती छान" म्हणत आणि घेऊन जात. मग एकेक परत येऊ लागली. नवीकोरी, न वापरलेली. एक बाई घरी गेली, पदर खोचला, मोरळी पुढ्यात घेतली, सवयीनं उजवा पाय फळीवर दाबला, आणि चटका बसल्यासारखा मागे घेतला. पायाखाली मोर! सरस्वतीचं वाहन! तिनं फळीला हात लावून नमस्कार केला, मोरळी भिंतीला टेकवून ठेवली आणि जुनीवर भाजी चिरली. दुसरीच्या सासूनं तर मोरावर हळदकुंकू वाहिलं आणि ती देवघराशेजारी ठेवून दिली. "ती मात्र परत नाही आली," मेहता म्हणाला. "ती आता पूजेला लागली."

मी ऐकत होते आणि माझे कान तापत होते. मोरळीवर बसताना पाय फळीवर ठेवावाच लागतो, नाहीतर ती हलते. ही गोष्ट मला ठाऊक नव्हती का? रोज सकाळ-संध्याकाळ मी तेच करत होते! पण कुंचला हातात घेतला की मी पेणची व्हायचे. आमच्या माहेरी जे जे रंगवलं जायचं त्याला माणसं हात जोडायची. पाय लागेल अशी वस्तू आमच्या घरात कुणी रंगवलीच नव्हती. असली चूक लोहाराच्या मुलीनं केली नसती आणि सुताराच्याही नाही. ती गणपती रंगवणाऱ्याच्या मुलीलाच शोभावी.

बाजारात बातमी पोहोचायला वेळ लागला नाही. "अति शहाणा त्याचा बैल रिकामा," असं समोरचा वाणी दारात उभा राहून म्हणाला, मला ऐकू जाईल अशा बेतानं. मी त्याला म्हटलं, "बैल रिकामा असला तरी आमचाच आहे, तुमच्या दारात चारा मागायला येत नाही." तो आत गेला. पण मलाही आत जाऊन रडावंसं वाटत होतं, ते मी केलं नाही, कारण घरात त्याहून वाईट काहीतरी चाललं होतं. मामंजी त्या गोण्यांकडे बघतसुद्धा नव्हते. आणि यांनी ट्रंक खाली काढून तिचं गंजलेलं कुलूप तेल घालून सुटं केलं होतं. मामांचा पुन्हा निरोप आला होता. जागा अजून आहे. पण पौषात आलास तर आलास, मागून दुसरा उभा आहे.

मी यांना म्हटलं, "मला पौषापर्यंत वेळ द्या."

"वेळ मी देनारा कोन?" हे म्हणाले. "पन मोर पुसून टाकशील तर त्या पुन्ना डोसा माणूस होतील, व्हय ना?"

"मोर पुसणार नाही," मी म्हटलं. "त्याला पायाखालून उठवणार."

कसा उठवणार ते मला त्या घडीला ठाऊक नव्हतं. पण बोलले ते खरं करायचं, एवढं ठरलं होतं. मग मी वेड्यासारखी माणसांचे पाय बघत सुटले. कोण कशावर पाय ठेवतं? उंबऱ्यावर नाही ठेवत, तो लक्ष्मीचा. केरसुणीला नाही, सुपाला नाही, कागदाला तर चुकून लागला तरी नमस्कार. आपली माणसं पाय टाकायच्या आधी किती विचार करतात, ते मला तेव्हा समजलं. कमळ काढावं तर ते लक्ष्मीचं. मासा काढावा तर तो कोळ्यांचा अन्नदाता, कोळी आळीत विकायची सोय संपली. वेल काढावी तर ती कुणाच्या नजरेत भरणार?

शेजारी एका मुलीचं लग्न होतं. मी अक्षता घेऊन उभी होते, मंगलाष्टकं चालली होती, आणि माझं लक्ष नेहमीप्रमाणे खाली पायांकडे. नवरानवरी कशावर उभी होती? पाटावर! चांगला शिसवी पाट, चार कोपऱ्यांत पितळी फुल्या ठोकलेल्या, आणि त्यावर दोघांचे पाय. कुणाला काही वाटत नव्हतं. उलट पाटावर पाय ठेवायला मिळणं हाच मान! जेवायला बसतो तो पाट, ओवाळून घेतो तो पाट. आणि लोहार जिला फळी म्हणतात त्या मोरळीच्या लाकडालाही बायका पाटच म्हणतात. शब्द पुन्हा माझ्या पुढ्यातच पडला होता. मी उरलेल्या अक्षता शेजारणीच्या हातात कोंबून घरी पळाले. नवरीच्या आईनं पुढं वर्षभर ते मनात ठेवलं.

परत आलेल्या फळ्यांवरचा रंग आम्ही खरवडून काढला. स्वतःच्या हातचा मोर पात्यानं खरवडताना मला वाईट वाटलं. खोटं कशाला सांगू? एक मी मुद्दाम ठेवला. मग फळीला पाटासारख्या कडा दिल्या, तांबूस रोगण चढवलं आणि चारी कोपऱ्यांत पितळी फुल्या ठोकल्या. राहिला मोर. तो कुठं बसवायचा? मी कोळसा घेऊन पडवीच्या जमिनीवर पातं काढलं, जसंच्या तसं. फळीतून वर आलेलं, मग वाकलेलं, टोकाला दातेरी खवणी. आणि बघते तर काय, मोर तिथंच उभा होता! वाकडं पातं म्हणजे मान, खवणीचे दाते म्हणजे तुरा. मला काढायचं काही उरलंच नव्हतं. वडील मूर्तीचे डोळे सगळ्यांत शेवटी आखायचे. तोवर ती माती असायची. मी कोळशानं खवणीच्या खाली एक ठिपका दिला.

मामंजी माझ्यामागे कधी येऊन उभे राहिले ते कळलं नाही. वाकून जमिनीकडे बघत होते. "मान थोडी आनखी मागं घ्यायला पायजे," ते म्हणाले, "पन मग खवताना जोर न्हाय लागायचा."

"मग नका घेऊ. जोर आधी, मोर मागून."

"थांब गं." त्यांनी कोळसा माझ्या हातातून घेतला आणि मानेची रेघ थोडी पुढे काढून परत आणली. "आशी घेतली तर दोनी जमंल."

त्यानंतर मला त्यांच्याशी काही वाद घालावा लागला नाही. उलट मलाच म्हणावं लागलं, की मामंजी, आता पिसं कोरत बसू नका, डोळा पुरे. ते छिन्नीचा एक ठोका देऊन डोळा उठवायचे आणि मानेवर दोन-तीन बारीक रेघा. हे घण मारत आणि गालातल्या गालात हसत. कितीतरी दिवसांनी त्या पडवीत कुणी हसत होतं.

या खेपेला मी पडवीचा कायदा मोडला. पहिलीच मोरळी तयार झाली तशी कोळी आळीतल्या माझ्या मैत्रिणीला बोलावलं. ती रोज पहाटे टोपली घेऊन बाजारात बसायची. जिभेची तिखट, आणि खोटं कौतुक करायची तिला सवय नव्हती. मी मोरळी जमिनीवर ठेवली. तिनं लुगडं सावरलं, पाय दाबला, बांगडे कापले, नारळाची वाटी खवली. मोराकडे बघितलं, मग फुल्यांकडे.

"अगो, जेवाया पाटाव बसल्यासारखा वाटतंय!"

"आणि मोर?"

"तो वर हाय ना. त्याचं त्याला, माझं मला." मग मोरळी आपल्याकडे ओढून म्हणाली, "ही मना पायजे."

"तुझ्या घरी आहे की. तुझ्या आजेसासूची."

"हाय. तिला काय झालंय? पन ही पायजे."

मला तेव्हा तिला मिठी मारावीशी वाटली. धड असलेली मोरळी घरात ठेवून दुसरी मागणारी बाई मी रेवदंड्यात पहिल्यांदा बघत होते. जे मला वर्षभर कुणाला समजावता येत नव्हतं ते तिनं बांगड्याच्या पाण्यात हात असताना सांगून टाकलं.

पौष लागला. सगळ्या मोरळ्या गोण्यांत भरल्या आणि हे बोटीनं मुंबईला निघाले. बरोबर ट्रंकही होती. शेटजींनी घेतल्या तर परत यायचं आणि नाही घेतल्या तर तसंच मामांकडे जाऊन कामावर लागायचं, असं आमचं ठरलं होतं. बंदरावर, बोटीपर्यंत नेणाऱ्या पडावात बसताना यांनी माझ्याकडे बघितलं नाही. मी मोठ्यानं म्हटलं, "घेतील! न घेऊन जातील कुठं?" आजूबाजूची माणसं हसली. मला खात्री होती का? मालाची होती. शेटजींची नव्हती.

त्यानंतर प्रत्येक बोटीला मी बंदरावर जायचे. मामंजी विचारायचे नाहीत, मी परत आले की माझ्या मागे बघायचे फक्त. भट्टी बंद होती. राख बाहेर काढून मी भात्याची कातडी तेलानं मऊ केली, ऐरण पुसली, आणि मग करायला काही उरलं नाही. मैत्रीण म्हणाली, "आला न्हाय म्हंजे लागला असंल कामाव." मी तिच्याशी दोन दिवस बोलले नाही.

एके दिवशी पडाव किनाऱ्याला लागला आणि हे ट्रंक खांद्यावर घेऊन गुडघाभर पाण्यात उतरले. मी धावत गेले. साडी भिजली, भिजू दे. "घेतल्या ना? शेटजींनी घेतल्या ना?"

"ठेवून घेतल्या," हे म्हणाले. "पयला अनुभव वाईट हाय म्हनाले. आधी खपवून बघतो, मग सांगतो."

"म्हणजे नाहीच घेतल्या!"

"आजून तरी न्हाय."

"मग तुम्ही इथं काय करताय? आणि मामांकडची जागा?"

"गेलो हुतो की. आठ दिवस भरतीची वाट बघितली, मग लागलो पन हुतो." त्यांनी ट्रंक वाळूत ठेवली आणि तिच्यावर बसले. "पयल्याच दिवशी साहेबानं हातात पितळंचा बिल्ला दिला. त्याच्याव आकडा. मामा म्हनाला, हा गळ्यात घाल, हितं आता ह्योच तू. मी तो बघत ऱ्हायलो. आपन लोखंडाच्या तुकड्याला डोळा देतो, नाव देतो, आन् मी आकडा लावून घिऊ? दुपारपत्तूर घण मारला. धरनारा कोन ते शेवटपत्तूर कळलं न्हाय. मग बिल्ला परत दिला."

त्या मोरळ्या पुढं खपल्या. इतक्या खपल्या की शेटजींना सुपारीपेक्षा मोराची घाई असायची, आणि नंतर दर दोन-तीन वर्षांनी मी त्या मोराचं काही ना काही बदलत राहिले. पण त्या दिवशी यातलं काहीच आम्हाला माहीत नव्हतं. हातचा पगार सोडून, खपेल की नाही त्या मालाच्या भरवशावर हा माणूस माझ्यापुढे वाळूत बसला होता.

मी संतापले. भर बंदरावर, कोळणी आणि हमाल बघत असताना, मी यांना जे तोंडाला येईल ते बोलले. शेटजींनी नाही म्हटलं तर खायचं काय, मामंजींना सांगायचं काय, इतकं ठरवून पाठवलं तर एवढीशी गोष्ट नीट करता आली नाही.  माझं संपल्यावर हे उठून ट्रंक खांद्यावर घेत म्हणाले, "चल, बाबा भट्टीशी वाट बघत आसंल."

मी पाठ फिरवली आणि यांच्या पुढे भरभर चालू लागले. पार बाजार येईपर्यंत मागे वळून पाहिलं नाही, कारण मी आनंदानं रडत होते आणि इतकं बोलून झाल्यावर ते यांना दिसू द्यायची माझी तयारी नव्हती.